चैत्रालीच्या उमेदवारीबाबत माझी शेवटची इच्छा

मी, विभावरी हरीश साठये, वय अडुसष्ट, निवृत्त सॉलिसिटर, राहणार पोर्टलीश, आयर्लंड, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. हरीशचं मत वेगळं असेल, पण नवऱ्याची साक्ष इथे ग्राह्य नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझे पती हरीश यांना. स्वयंपाकघरातल्या प्रेसमधल्या, म्हणजे कपाटातल्या, वरच्या फळीवरचा गोडा मसालाही त्यांचाच, पण तो पास्त्यात घालू नये.

२. टॉमस डेलेनीचं मी लिहिलेलं चरित्र मुलगी चैत्रालीला. डेलेनी आमच्याच काउंटीचा. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात बोटीने अमेरिकेला गेला, ओहायोत एका वकिलाकडे झाडू मारता मारता कायदा शिकला, कालवे खणणाऱ्या मजुरांचे खटले फुकट लढला. निवडणुकीत दोनदा आपटला आणि तिसऱ्यांदा थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये जाऊन बसला. ते लिहिताना काय आनंद झाला होता मला! मग मेल्याने रेल्वे कंपनीचा फुकट पास खिशात घातला आणि त्याच मजुरांच्या जमिनी कंपनीला देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिलं. पुढे कितीतरी दिवस मी त्याच्यावर एक ओळ लिहिली नाही. म्हणून शेवटचं प्रकरण अर्धंच आहे. त्याला माफ करायचं की नाही, हे चैत्रालीने ठरवावं.

३. माझे नाडीचे बूट कोणालाही द्या. काउन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिले तेव्हा मी दर घरी हे बूट काढून आत जायचे. लोकांच्या घरात बूट घालून शिरायचं? छे! ते म्हणायचे, "यू आर ग्रँड, लव्ह, कम इन," म्हणजे असू दे, ये तशीच, आणि मी आपली वाकून नाड्या सोडतेय. तोवर माझ्याविरुद्ध उभा असलेला मायकल फेलन दारातूनच हात मिळवून पुढच्या गल्लीत. मी पडले, तो आला. त्याला काहीही मिळू नये म्हणून त्यालाच साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. मराठी त्याला वाचता येत नाही, हे बरंच आहे.

४. मेन स्ट्रीटवरचं ऑफिस, जिथे आज चैत्राली वकिली करते, ते तिला मिळावं, पण एका अटीवर. मी गेल्यानंतर येणाऱ्या पहिल्या निवडणुकीला तिने उभं राहावं. नाहीतर जागा विकून पैसे फेलनच्या पक्षाला द्यावेत. रस्त्यात थांबवून लोक तिला आपली गाऱ्हाणी सांगतात, ती सोडवतेही, आणि वर म्हणते, "पॉलिटिक्स इज नॉट फॉर मी." जीव तुटतो माझा.

इथवर लिहिलं आणि चैत्राली चहा घेऊन आली. काय लिहितेस विचारलं, म्हणून कलम चार वाचून दाखवलं.

"आई, धिस इज ब्लॅकमेल!"

"कायद्यात बसतं. तपासलंय मी."

ती कप ठेवून समोर बसली. ही पोरगी माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही. आज बोलली.

"तू गेल्यावर उभी राहून काय करू? मला एकटीला भीती वाटते दारं वाजवायला. येत्या निवडणुकीला उभी राहते. तू येशील माझ्याबरोबर?"

कलम चार खोडलं आहे, बाजूला माझी आद्याक्षरं आहेत. ऑफिस चैत्रालीला, विनाअट. बाकीचं सगळं सवडीने अमलात यावं. मला तूर्त मरायला वेळ नाही, प्रचाराला जायचं आहे.

सही: विभावरी हरीश साठये

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली:
१. मायकल फेलन, काउन्सिलर
२. पूर्णिमा देवधर, शेजारीण

स्थळ: पोर्टलीश
दिनांक: ९ मार्च २०२६