शिकाऊ कोण, वाजवणारा की बनवणारा?

माझ्या थोरल्या मुलाने दुकानात विकायला साडेचार हजारांना आणलेला बॅगपाइप प्रत्यक्षात असा पडला: नवी पिशवी दोन हजार, पाती बाराशे, बोटांची नळी तीन हजार, एकूण दहा हजार सातशे. ज्या मुलीने तो घेतला तिने महिन्याभरात वाजवणे सोडले, ते वेगळेच. हा हिशोब तोंडपाठ आहे, यावरून माझी बुद्धी शाबूत असल्याचे समजावे.

मी, बॅगपाइपचा दुकानदार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबाव आणायचे प्रयत्न झाले. घरात चहा एकाएकी गोड मिळू लागला, तेव्हाच मी सावध झालो. आधीची मृत्युपत्रे रद्द.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीची. तिने कागद वाचल्याशिवाय कुठेही सही करू नये, पोटच्या पोराने पुढे केला तरी.

२. दुकानाबद्दल. थोरला म्हणाला, "बाबा, खोक्यावर 'शिकाऊ' लिहिलंय. नवशिक्याला काय कळतंय?"

"शिकाऊ कोण रे? वाजवणारा की बनवणारा?"

तो हसला. मी हसलो नाही. स्वस्त माल वाईटच असतो असे नाही. साधी प्लास्टिकची नळी सुरात निघते. संशय घ्यावा तो नक्षीवर. काळ्या लाकडावर ओले फडके फिरवावे. काळेपणा फडक्यावर उतरला तर आपण लाकूड नव्हे, रंग घेतला. पिशवी फुगवून सगळी तोंडे बंद करावीत आणि शिवणीला कान लावावा. पिशवी गळकी असली की नवशिक्या फुंकून फुंकून बेजार होतो आणि दोष स्वतःच्या छातीला देतो. त्या पापाचे धनी आपण होऊ नये. मला तर शिवणीला कान लावावा लागत नाही, गल्ल्यावरून फुसफुस कळते.

गेल्या महिन्यात मी पास केलेला संच थोरल्याच्या बायकोने बाजूला ठेवला.

"बाबा, हा गळतोय."

"तुला कोणी पढवलं?"

"कोणी कशाला? ऐका की!"

मला नवऱ्याचा डाव वाटला. पिशवी उलटी करून पाहिली. टाका सुटलेला होता. त्या दिवशी रस्त्यावर खोदकाम चालू होते, म्हणून ती चूक धरत नाही.

तरी दुकान, हत्यारे व गिऱ्हाइके सूनबाईच्या नावे. कोणता माल आत घ्यायचा हे तीच ठरवील. थोरल्याने तिच्या हाताखाली पगारावर राहावे. "बायकोच्या हाताखाली?" असे तो विचारील. आत्ता कुठे आहे?

३. शेजारच्या शिंप्याने आवाजाच्या तक्रारी केल्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून त्याला साक्षीदार केले.

स्थळ: दुकानाची मागची खोली. दिनांक डॉक्टरांनी शिक्क्याखाली घातला आहे.

सही: दुकानदार

साक्षीदार १: शेजारचा शिंपी

साक्षीदार २: डॉक्टर. दुकानदारांना तपासले. बुद्धी शाबूत. उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. सर्व कलमे डाव्या कानाशी, मोठ्याने, दोनदा वाचून दाखवली.