आठच्या निधनवार्ता

३ नोव्हेंबर
अखेर कोल्हापूर! राजारामपुरीत खोली मिळाली, खाली मिसळीचं दुकान आणि रेडिओ स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ. आजऱ्याच्या क्रांतीला रेडिओवर नोकरी लागली म्हणून आईनं गल्लीभर काजू वाटले. माझ्या वाट्याला सकाळी आठच्या निधनवार्ता आल्यात. कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी आणि कुठं, हे ऐकल्याशिवाय इथली माणसं चहाचा कप खाली ठेवत नाहीत. जुने निवेदक गणपतराव यांनी एकच नियम शिकवला. वार्ता कुणीही कळवो, आधी घरच्यांना फोन करून गेलेल्याचं नाव-वय विचारायचं. ते 'व्हय' म्हणाले तरच वाचायचं. एकदा त्यांनी न विचारताच वाचलं, तर तो 'मयत' पायताण हातात घेऊन स्टुडिओत हजर झाला होता. मी पोट धरून हसले.

१० नोव्हेंबर
स्टेशन मुंबईच्या कंपनीनं घेतलं. आता दिवसभर हिंदी गाणी, सगळ्या शहरांत तीच. शेतीची माहिती, गावोगावच्या फर्माइशी, सगळं बंद. गणपतरावांना नारळ मिळाला. निधनवार्ता तेवढ्या राहणार, कारण जाहिराती त्यांनाच मिळतात. पण त्या कॉम्प्युटर वाचणार, माझ्या आवाजात. त्यासाठी मी तासन्‌तास रेकॉर्डिंग दिलं. वार्ता वाचून दिल्या, घरच्यांना फोनवर जे विचारते तेही बोलून दिलं. गणपतरावांचं वाईट वाटलं, पण माझी नोकरी टिकल्याचा आनंद जास्त झाला. खोटं कशाला लिहू?

१८ नोव्हेंबर
कॉम्प्युटर हुबेहूब माझ्यासारखा बोलतो. आज छान वाचलंस, असं आईसुद्धा म्हणाली.
त्यानं हातकणंगल्याच्या पिराजींचं निधन वाचलं. सवयीनं मी त्यांच्या घरी फोन लावला, तर पिराजी म्हशीची धार काढत होते. त्यांची बायको धोंडुबाई चिडून म्हणाली, "सकाळी तुमीच की फोन केलता. ह्यांचं नाव-वय बरोबर हाय का इचारलं, मी व्हय म्हटलं." मी फोन केलाच नव्हता. तोही कॉम्प्युटरनंच केला होता. मुंबईला कळवलं. तक्रार नोंदवून घेतली म्हणाले.
संध्याकाळी पिराजी गोठ्यातच कोसळले. गेले.

२१ नोव्हेंबर
मलकापूरचे आकाराम. वार्ता सकाळी, मरण दुपारी. त्यांची सूनही व्हय म्हणाली होती. नियम कुठं मोडलेला नाही. मीच शिकवलाय तो. हात दाखवून अवलक्षण केलं.
गणपतरावांकडे गेले. वायर उपटून टाक म्हणाले. उपटली. रेडिओ चालूच — सगळं मुंबईहून येतं, इथं उपटण्यासारखं काही उरलेलंच नाही. माइकही घेऊन गेलेत. लोकांना सांगू तरी कशी?

२३ नोव्हेंबर
मुंबईवाले खूश आहेत. ऐकणारे वाढलेत म्हणे.
दुकानात साखर मागितली, तर माझा आवाज ऐकून दुकानदारानं शटर ओढलं.
बाबा गेल्यापासून आई घरात एकटी. भीती तिचीच वाटते. तिला बजावलं, माझा फोन आला आणि नाव-वय विचारलं, तर व्हय म्हणू नकोस. ती हसली.
"तुझ्या आवाजाला न्हाय कसं म्हणू गं?"

२४ नोव्हेंबर
सकाळीच आईचा फोन. ठणठणीत आहे — देवा —
पण तो फोन येऊन गेला. माझ्या आवाजात. ती व्हय म्हणाली.
मी ओरडले तिच्यावर. रडले. स्वतःचं नाव-वय कशाला कबूल केलंस? ती गोंधळली.
"माझं कुठं? तुझंच नाव घेतलंस. वय एकोणतीस, बरोबर का, म्हणालीस. माझ्या लेकीचं वय मला ठाऊक नसंल व्हय?"

फोन घरच्यांना करायचा असतो. हे माझ्या डोक्यात कसं —
आईला परत लावते — लागत नाही —
शेजारी कुणीतरी रेडिओ लावलाय. माझाच आवाज. किती निवांत —
आजरा येथील कुमारी —