शुद्धीचा दाखला लडकूने द्यावा

मी, काळूराम सोनू गायकवाड, वय बहात्तर, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, धंदा आधी पाणबुड्या आणि आता पाणबुड्यांना श्वासाची हवा मिसळून भरून देणारा, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. याआधी असे काही लिहिलेले नाही, आणि आजचेही कोणी दटावून लिहून घेतलेले नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचे सगळे पाण्याखाली शिकलो. चुकले माकले सांभाळून घ्यावे.

वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात यापुढे वाक्य होते, "मी पूर्ण शुद्धीवर असून माझी बुद्धी शाबूत आहे." ते मी गाळले आहे. कारण सांगतो. साध्या हवेवर माणूस पन्नास मीटर खाली गेला की हवेतला नायट्रोजन ताडीसारखा डोक्यात चढतो. आणि त्याची पहिली खूण हीच, की माणसाला वाटते आपण अगदी ठीक आहोत. आमचा एक भला सोबती धरणाच्या तळाशी लोखंडी दांड्यापुढे मान लववून नमस्कार करत राहिला होता. वर आल्यावर शपथेवर म्हणाला, मी शुद्धीतच होतो. म्हणून खोल जायचे तर नायट्रोजन कमी करून त्या जागी हेलियम मिसळतात. त्याने डोके ताळ्यावर राहते. तरी आपल्या शुद्धीचा दाखला आपण द्यायचा नाही, ही आमची रीत. सोबती बोटे दाखवतो. त्याने दोन दाखवली तर आपण तीन दाखवायची, नेहमी एक जास्त. चुकले, की सोबती अंगठा वर करतो आणि दोघेही वर निघतात.

तेव्हा माझ्या शुद्धीचे वाक्य या कागदाच्या शेवटी दुसरा माणूस लिहील. कोण, ते कलम पाचमध्ये आहे.

कलम १. दहिवलीचे घर, परसू आणि परसातला फणस माझी पत्नी ठकूबाई हिच्या हयातीपर्यंत तिचा. तिच्यामागे मुलगा कपिल आणि मुलगी दीप्ती यांनी निम्मे निम्मे घ्यावे. फणस तोडायचा नाही. त्याच्या मुळांनी न्हाणीची भिंत उचलली आहे, हे मला दिसते. भिंत हलवावी.

कलम २. बँकेत जे असेल ते ठकूबाईचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

कलम ३. कुंभिवलीची शेड, कॉम्प्रेसर, हवा मिसळायचे पॅनल, तपासणीचे यंत्र आणि सगळे सिलिंडर दीप्तीला. कपिल, तू रागावशील. रसायनीच्या कारखान्यात तुझी नोकरी चांगली आहे, आणि तू ऑक्सिजनचा कॉक धसकन उघडतोस. लहानपणी भात शिजत असताना तू तीनदा झाकण काढून बघायचास. दीप्ती पळीसुद्धा लावायची नाही.

दीप्ती, गिऱ्हाईक खोल जायचा बेत घेऊन आले, की आधी वर यायचा हिशेब मांड आणि मग खाली जायचा. खाली मुरलेला वायू अंगातून सावकाश निघू द्यावा लागतो, नाहीतर सोड्याची बाटली फोडल्यासारखा रक्तात फसफसतो. म्हणून ठरल्या खोलीवर थांबत थांबत यायचे, आणि वर यावे तसा ऑक्सिजन वाढवत न्यायचा. प्रत्येक थांब्याला किती हवा लागेल, सोबत्यालाही त्यातून द्यावी लागली तर किती, मधल्या थांब्यासाठीचा सिलिंडर हातचा गेला तर काय, हे सगळे कोरड्या जमिनीवर ठरले पाहिजे. कॉम्प्युटरला विचार, बिनधास्त विचार. पण जाणाऱ्या दोघांनी बेत वेगवेगळे बसून काढावेत, आणि जुळले तरच निघावे. शेवटचा थांबा सहा मीटरवर, शुद्ध ऑक्सिजनवर, आणि तो सगळ्यांत लांब. डोक्यावर उजेड दिसतो, होडीचे बूड दिसते, आणि माणसाला वाटते, आता काय राहिले. तिथेच घात होतो. माणूस घाईचा वाटला तर त्याला चहा पाजून परत पाठव.

आणखी एक. सिलिंडरमध्ये काय भरले ते घेणाऱ्याने तुझ्यासमोर स्वतः तपासावे आणि चिठ्ठीवर स्वतःचे नाव घालावे. उद्या तुझा सासरा आला तरी सूट नाही.

कलम ४. पितळी पान्यांचा संच पोशा गॅरेजवाल्याकडे आहे. दोन दिवसांसाठी नेला, त्याला तीन दिवाळ्या झाल्या. तो दीप्तीने मागून आणावा. पोशा म्हणेल, काळूदादाने मला बक्षीस दिला. दिलेला नाही, हे इथे लेखी आहे.

कलम ५. लडकू धर्मा ठोंबरे, राहणार कुंभिवली, याला मी काहीही ठेवत नाही. यात कोणी राग शोधू नये. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला लडकू साक्षीदार हवा आहे.

आम्ही पंचवीस वर्षे जोडीने उतरलो. बारा वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका धरणाचा तळचा दरवाजा अडकला होता. हेलियम वेळेवर आले नाही. ठेकेदार म्हणाला, आजच्यापुरते साध्या हवेवर भागवा. मी म्हणालो, भागवू. दरवाजापाशी लडकूने बोटे दाखवली. मी एक जास्त दाखवली, हे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याने अंगठा वर केला. आम्ही थांबे घेत वर आलो, आणि काम दुसऱ्याला गेले.

अंगठा वर करणाऱ्याला कारण विचारायचे नाही, हा आमच्यातला कडक नियम. विचारत बसलो तर उद्या एखादा लाजेने अंगठा दाबून ठेवील आणि मरेल. काठावर ठेकेदाराने मात्र त्याला विचारले, "घाबरलास काय रं?" लडकू म्हणाला, "हां, घाबरलो." तेवढ्यावरून नाक्यावरची पोरे त्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणू लागली. मी नियम पाळला, विचारले नाही. तो माझ्याकडे यायचा थांबला आणि मीही गेलो नाही.

ठकूबाई म्हणते, "एकानं इचारलं नाय, एकानं सांगितलं नाय. दोघंबी पानी सोडून वर आलायसा, तरी तोंडातली नळी काय काढत नाय."

तरीही माझ्या शुद्धीबद्दल मी फक्त त्याचाच शब्द मानतो. तो आला नाही तर त्याच्या जागी दुसरा कोणी घेऊ नये. मग हा कागद रद्द समजावा. तसे झाले तर शेड तिघांत वाटली जाईल आणि कपिल ती टेंपोवाल्यांना भाड्याने देईल, हे मी जाणतो. दीप्तीही जाणते. ती म्हणाली, "आबा, तुमच्या हट्टापायी माझं काम जाईल."

मी म्हणालो, "जाईल."

ती चप्पल घालून उठली ती थेट लडकूकडे गेली. परत आली तेव्हा मी विचारले, येतो म्हणाला का?

"म्हणाले, तुझ्या बापाला अजून बोटं मोजता येत्यात का?"

म्हणून खाली जागा सोडली आहे.

कलम ६. मी गेल्यावर विहारातल्या भंतेजींना बोलवावे, त्रिसरण-पंचशील म्हणावे आणि सगळ्यांना पोटभर जेवू घालावे. भाषणे नकोत. रडायचे असेल त्याला रडू द्यावे, पाठीवर थापटून लवकर गप्प करू नये. तेही थांबत थांबतच बाहेर येते.

एवढे माझे म्हणणे. वाचून बघितले, पटले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण: दहिवली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) काळूराम सोनू गायकवाड

साक्षीदार पहिली: हर्षला धनेश भोईर, शिक्षिका, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार दुसरा: लडकू धर्मा ठोंबरे, रा. कुंभिवली. सही करायच्या आधी काळूरामला तीन बोटं दाखवली. त्यानं चार दाखवली. डोकं ठिकाणावर हाय, असं लिहून देतो. धरणात पण मी तीनच दाखवली व्हती. तवा त्यानं बी तीनच दाखवली, आन हसला बी. ठेकेदाराला ते कळलं असतं तर याला परत कुणी पाण्यात उतरवला नसता, म्हणून घाबरलो म्हटलं. (सही)