मेश्रामकाकांची सही

सोम., ८ एप्रिल
मशीनच्या उजेडाचा वरचा डावा कोपरा अजून अंधारलेलाच. चौसष्ट चौकोनांपैकी साठ ठीक, त्या कोपऱ्यातले चार सहा टक्क्यांनी कमी. फरक दोनच्या आत पाहिजे. शुक्रवारी मशीन घेणारी पार्टी बघायला येणार. सर दर तासाला केबिनमधून, "झालं का?"
आई डबा देताना: "बाहेर एवढं ऊन तापून राह्यलं, अन् तुम्ही कारखान्यात ऊन बनवता. काहून वं?" म्हटलं, बाहेरचं ऊन मिनिटामिनिटाला बदलतं, सोलर पॅनेल तपासायला रोज अगदी तेवढंच लागतं. पटलं नाही तिला.

मंगळ., ९
दिव्यापुढची फिल्टर काच तडकली. डोळ्यांना घातक किरणं तीच अडवते. नवी गुरुवारी येईल. सर थांबायला तयार नाहीत. "बिनकाचेचं चालव. कोपरा सेट कर. दो मिनट का काम है."
मी डोळ्यांचं बोलले. एकदाच. दुसऱ्यांदा नाही.

बुध., १०
मशीनचं दार उघडलं की दिवा आपोआप विझतो. पण कोपऱ्यावर उजेड टाकणाऱ्या आरशाचे स्क्रू फिरवायचे तर दिवा चालू पाहिजे आणि हात आत. म्हणून दाराच्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या. मी. सरांनी हातही लावला नाही.
स्क्रू फिरवायला मेश्रामकाका. आरसे त्यांनीच हाताने ठोकून घडवलेत. मी नवी होते तेव्हा दिवा कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं, काचेला बोट लागू द्यायचं नाही. काळा चष्मा लावून वाकले, पण त्यातून कोपरा कळेना. सर मागून: "काढा तो चष्मा. वेल्डिंगवाले काय आंधळे होतात का?"
काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे पाहत राहिले.
काढला.
वीस मिनिटं. मी आकडे ओरडत होते. "चार... साडेतीन... अजून थोडं, काका." दीडवर आलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. निघताना जोडलेल्या तारा सोडवून ठेवल्या.

गुरु., ११
काका आले नाहीत. फोन केला. "डोयात रेती गेल्यावाणी होऊन राह्यलं पोरी. उघडूनच नाही राह्यले." सर म्हणाले, दोन दिवसांत जातं ते. नवी काच बसली. कोपरा १.७. पास.

शुक्र., १२
पार्टी खूष. मशीनला हार, नारळ, संत्रा बर्फी. सर त्यांना म्हणाले, "मॅडमनं एकटीनं केलं." मी हसले. बर्फीचे दोन तुकडे खाल्ले. आणखी दोन मशीन सांगून गेले ते.

मंगळ., १६
काकांची मुलगी रजनी, नर्स आहे, तिचा फोन. डोळ्यांतून पाणी यायचं थांबलं, पण उजव्या डोळ्यात बरोबर मधोमध काळा डाग. डावाही धुरकट. "बाबाले समोरच्याचे कान दिसतात, तोंड नाही दिसत." डॉक्टर म्हणतात डोळ्याचा आतला पडदा भाजलाय. थोडं परत येईल. सगळं नाही.
सरांना सांगितलं. "वय झालं त्यांचं. शुगर वगैरे असेल."
शुगर नाही त्यांना. मला माहीत आहे.

गुरु., १८
सरांनी कागद पुढे सरकवला. काकांचं निवेदन, काकांच्या नावाने टाइप केलेलं. तिसरं वाक्य: 'दाराचा स्विच मी स्वतःच्या मर्जीने बंद केला व वारंवार सूचना देऊनही चष्मा वापरला नाही.'
"सही घेऊन ये. तुझं ऐकतात ते."
म्हटलं, स्विच तर मी...
"म्हणूनच तू जा."

शुक्र., १९
काकांच्या घरी गेले. रजनी ड्यूटीवर. काकूंनी चहा ठेवला. काका माझ्याकडे बघायला मान तिरपी करतात, पाखरासारखी, डोळ्याच्या कडेने.
"वाच वं पोरी. मले अक्षरं मधातूनच गयून राह्यले."
वाचलं. पहिलं वाक्य बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याला आले आणि वाचलं: 'काम करताना डोळ्यांना इजा झाली असून उपचाराची जबाबदारी कंपनी घेत आहे.' असं त्या कागदावर कुठेही नाही. आधी ठरवूनही गेले नव्हते. आपोआप आलं, इतकं सरळ की मलाच क्षणभर वाटलं, लिहिलंय तसं.
काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "देव भलं करो."
"कुठं करू सही?" मी काकांचं बोट धरून जागेवर ठेवलं.
"तू आलीस म्हणून बरं. सर आले असते तर रजनीकडून वाचून घेतल्याबिगर हात नसता लावला."
चहा पूर्ण प्यायले.

सोम., २२
सरांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. काकांच्या टेबलावर उद्यापासून दुसरा माणूस. दोन्ही नवी मशीन माझ्याकडे. "गुड," म्हणाले.

बुध., २४
रजनीचा फोन. "मॅडम, बाबा म्हणे इलाज कंपनी करते असं लिहून देल्लं. दवाखान्यात दाखवाले कॉपी पायजे."
म्हटलं, हो, देते.
"उद्या संध्याकाळी सहाले मी गेटवर येते. थांबा, बाबा बोलतो म्हणतात." मग काकांचा आवाज. "जेवलीस का वं?"
जेवले म्हटलं. नव्हते.
निवेदनाची झेरॉक्स पर्समध्ये आहे. तिसरं वाक्य ती गेटवर उभ्या उभ्या वाचेल. माझ्या स्वतःच्या निवेदनासाठी एक कोरा कागदही घेऊन बसले आहे. पहिली ओळ तीनदा लिहिली. 'दाराच्या स्विचच्या तारा' इथपर्यंत येते.