एक्कावन्न वेळा वाडी

२३ फेब्रु., सोमवार
सकाळी पावणेसहा. पहिलं पान. ‘बाबांची वाडी मी चालवते आहे आणि ती बहरली आहे.’ एक्कावन्न वेळा. मनगट गेलं कामातून. ऑफिसातल्या रुपालीने शिकवलं. तिला यानेच प्रमोशन मिळालं म्हणे. नियम असे: रोज, त्याच वेळी, झालंच आहे असं समजून लिहायचं. आणि कोणाला सांगायचं नाही. बोललं की जोर जातो. युनिव्हर्स ऐकत असतं. ऐकू दे बापडं. त्याला आमच्या वटार गावाचा पत्ता सापडला म्हणजे मिळवली.

यासाठी वेगळी वही आईच्या जपाच्या गठ्ठ्यातली उचलली. सगळ्यांना खाकी कव्हरं मीच घातलीत. ती रामनाम लिहिते, मी वाडी.

२६ फेब्रु., गुरुवार
लिहिताना बाहेर बाबांची पाण्याची मोटर. बंद पडली. खोकला. परत मोटर. लक्ष लागेना, तीन ओळी खोडल्या. शेवटी खिडकी लावून घेतली.

सातिवलीला कंपनीत दिवसभर मालाची चलनं आणि पॅकिंगचे खोके. अकरा वर्षं हेच. केसांनासुद्धा चिकटपट्टीचा वास येतो. नको झालंय.

१ मार्च, रविवार
प्रशांतदादा विरारहून आला, बरोबर मोजायची टेप घेतलेला एक माणूस. वाडीत लग्नाचं लॉन करायचंय. वाडीतलं तळं, आमचं बावखल, बुजवून तिथे स्टेज, मोगरा काढून पार्किंग. तो माणूस बावखलाच्या काठावर उभा राहून विचारतो, ‘इसमें कितना पानी है?’ लहानपणी पोहायला शिकले त्यात मी. ढकलून द्यावासा वाटला.

दादा म्हणाला, ‘बाबा, गुडघे बघा तुमचे. किती दिवस ओढणार?’ बाबा एकदम माझ्याकडे वळले. ‘तुझं काय म्हणणं?’

चौतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेल. आणि मी काय बोलले? ‘तुम्ही बघा.’

नियम ना! कोणाला सांगायचं नाही! बाबा मान हलवून आत गेले. मी चहाचे कप विसळत बसले.

२ मार्च, सोमवार
आज एकशे दोन वेळा. रागाने. दोन ठिकाणी कागद फाटला. रुपाली म्हणते, ‘ही टेस्ट असते गं. युनिव्हर्स तुझा विश्वास बघतं.’ माझा बघून झाला असेल तर जरा दादाकडेही बघ म्हणावं.

खरं सांगायचं तर नियमाची आडोशासारखी सोय झालीय. बाबांना सांगायची भीतीच वाटते. ‘बाईमाणूस एकटी वाडी करणार?’ असं म्हणाले तर...

८ मार्च, रविवार
दादाचा फोन. पुढच्या रविवारी येतोय, हो की नाही ते सांगा. पाडव्याला काम सुरू करायचं म्हणे. आईने नुसतं हं हं केलं. झोप उडालीय. जेवण जात नाही. लिहिणं चालू.

११ मार्च, बुधवार
रामनवमीच्या आधी जपाच्या वह्या देवळात जमा करतात. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई तिथवर जात नाही, म्हणून कामावर जाता जाता मीच दिल्या. सात वह्या. धावतपळत बस पकडली.

१२ मार्च, गुरुवार
माझी वाडीची वही नाही. कपाट, गादीखाली, कुठेच नाही. गठ्ठ्यात आईची सातवी वही तशीच पडलीय. मेले!

संध्याकाळी देवळात गेले. वह्या तपासणारे भाऊकाका हसत होते. ‘जप म्हणून उघडली तर आत वाडीच वाडी. दिली तुझ्या वडिलांकडे.’

घरी आले तर बाबा झोपलेले. किंवा तसं दाखवत होते.

१३ मार्च, शुक्रवार
बाबा ओट्यावर, चष्मा लावून, वही मांडीवर. मला बस म्हणाले.
‘कधी लिहितेस हे?’
‘सकाळी. पावणेसहाला.’
‘मी मोटर लावतो तेव्हा?’
मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.
‘आणि त्या दिवशी विचारलं तेव्हा दातखीळ बसली होती?’
‘सांगितलं की होत नाही म्हणतात.’
‘कोण म्हणतं?’
आता बाबांना युनिव्हर्स कुठून समजावू.

वही माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘प्रशांतला मी काही सांगणार नाही. तुला वाडी हवी असेल तर तू सांग.’ आणि गुडघा धरून उठले. इतकी लाज कधी वाटली नव्हती. ते पाणी देत होते आणि मी खिडकी लावून ‘चालवते आहे’ लिहीत होते.

१४ मार्च, शनिवार
साडेपाचला मोटरवर. पाणी उचलेना. मागून बाबा: ‘आधी पाइप भर की.’ दोन बादल्या ओतल्या, निम्मं माझ्याच अंगावर. मग मोटरने पाणी धरलं. मोगऱ्याच्या शेवटच्या ओळीला पाणी पोचतच नाही, पाट मध्येच फुटलाय. झाडं पिवळी पडलीत. मी मात्र रोज ‘बहरली आहे’.

बाबांनी माती कुठे दाबायची ते काठीने दाखवलं. कामाला उशीर झाला. लिहायचं राहून गेलं.

१५ मार्च, रविवार
पाट परत फुटला. परत बांधला. आज शेवटच्या ओळीपर्यंत पाणी गेलं, मी उभं राहून बघितलं.

दादा आधी विचारणार, नोकरीचं काय? मला माहीत नाही. बाबांचे गुडघे? तेही माहीत नाही. तो लहानपणापासून बोलण्यात वस्ताद, माझं एक वाक्य होईपर्यंत त्याची चार होतात. एक्कावन्न वेळा नको, एकदाच तोंडातून निघू दे. बाबांसमोर.

आई पोहे करतेय. बाबा ओट्यावर बसलेत, फाटकाकडे पाठ करून.

फाटक वाजलं. टेपवालाही आहे बरोबर. हात अजून चिखलाचेच, पेन घसरतंय. जाते