ठेंगूची उंची

बुधवार, ९ ऑक्टोबर

ती. दादा,

नमस्कार. बाबांचा खोकला कमी आहे, आईचा गुडघा आहे तसाच आहे. तुझं पत्र पोचलं. साइटवर तुम्हाला नवे बूट मिळाले हे वाचल्यापासून आई विचारते आहे, मापाचे आहेत का. तेवढं कळव, म्हणजे ती गप्प बसेल.

नेहमीसारखं मोठ्या अक्षरात, सुटं सुटं लिहिते आहे. तुला जोडाक्षरापाशी थांबावं लागतं हे मला माहीत आहे. पण हे पत्र मुकादमाकडून वाचून घेऊ नकोस. दोन दिवस लागले तरी लागू देत, तुझं तूच वाच.

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ठेंगूची उंची सत्तावन्न सेंटिमीटर भरली. ते खोटं आहे. ठेंगू पंचावन्न सेंटिमीटर होता. खांद्यापाशी पंचावन्नपर्यंतचा कुत्रा नियमाने शहरात ठेवता येतो. म्हणजे ठेंगू ठेवता येत होता.

आता पुढचं वाचायच्या आधी थोडं थांब, पाणी पी.

तू गेलास तेव्हा हा नियम नव्हता, म्हणून सांगते. एका दांडग्या कुत्र्याने बाजारात एका बाईचा हात फाडला आणि महिन्याभरात नियम आला. कुत्रा चावका आहे की गरीब आहे, हे कुणी विचारत नाही. फक्त उंची. जास्त भरला की त्याच दिवशी ताब्यात, आठव्या दिवशी मरणाची सुई. मधल्या दिवसांत मालकाला किंवा मोजणाऱ्याला फेरमोजणी मागता येते. आमच्या खात्यात मोजणीची खोली आहे. तिथे लोखंडी पायावर उभी केलेली एक काठी आहे, आकडे खोदलेली, तिच्यावर एक आडवी पट्टी सरकते. ती पट्टी कुत्र्याच्या खांद्यावर टेकवायची आणि आकडा वाचायचा.

फरशी फार गुळगुळीत होती. कुत्रे बिचारे चारी पायांनी घसरायचे, घाबरायचे, म्हणून चटईसाठी अर्ज मीच केला. साहेबांनी लगेच मंजूर केला. जाड रबरी चटई आली. पहिले काही दिवस काठीही चटईवरच होती. मग साहेब म्हणाले, "लोखंडाने चटई फाटेल, काठी खाली फरशीवर ठेव." मी ठेवली. सांगितलेलं काम करायचं, एवढंच मला कळतं. तुला आठवतं, शाळेतही बाईंनी सांगितल्याशिवाय मी पान उलटत नसे.

दादा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की "ठेंगूला मोजण्यात आलं." कुणी मोजलं ते लिहिलं नव्हतं. तूही विचारलं नाहीस. तू विचारलं नाहीस म्हणून मला जास्त लागलं.

मी मोजलं.

दुसऱ्या कारकुनाला सांगता आलं असतं. पण घरचा कुत्रा दुसऱ्याकडे दिला तर लोक म्हणतील, हिने संधान बांधलं. आणि मी मोजला आणि आकडा बरोब्बर पंचावन्न आला तर म्हणतील, हिने दाबला. या दोन भीतींच्या मध्ये मी त्या काठीशी उभी होते. साहेब दारात टेकून हसत म्हणाले, "घरचंच आहे ना? मग तूच मोज. तुझ्या प्रामाणिकपणावर खातं चालतंय!"

आणि ठेंगू कसा उभा राहिला, सांगू? बाकीच्यांचे कुत्रे पाठ पाडून, पाय फाकवून, मरगळल्यासारखे उभे राहतात. मालक त्यांना आधी मैदानात पळवून दमवून आणतात. आपला ठेंगू ताठ. बाबांनी त्याला शिकवलं होतं ना, फळी कापताना "सरळ!" म्हटलं की सरळ उभं राहायचं. मी सवयीने म्हटलं, "सरळ!" आणि तो सरळ झाला. शेपूटसुद्धा हलवली नाही.

पट्टीने सत्तावन्न दाखवले. मी दोनदा वाचलं आणि सत्तावन्न लिहिलं. खाली माझी सही.

बाबा बाहेर बाकावर होते. त्यांना अंगठ्यासाठी आत बोलावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घरी तो पंचावन्न भरतो गं." आदल्या दिवशी त्यांनी ठेंगूला सुतारखोलीच्या दाराशी उभं करून खांद्यावर गुण्या टेकवला होता आणि चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारली होती. तुला माहीत आहे ना, बाबांचा गुण्या म्हणजे काटकोन तो काटकोन. चाळीस वर्षांत त्यांचं एक दार घासलं नाही की एक खिडकी अडली नाही. आणि मी त्यांना काय म्हणाले?

"बाबा, घरची पट्टी वेगळी, ऑफिसची वेगळी. ती सरकारमान्य आहे."

ते म्हणाले, "बरं. तू शिकलेली आहेस. तू पाहिलंस ना, मग झालं."

आणि अंगठा दिला.

त्यानंतर आठ दिवस होते. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "एकदा फेरमोजणी माग." मी म्हटलं, "मोजलंय मीच, आता कुठल्या तोंडाने मागू?" त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आठव्या दिवशी ते एकटे गेले आणि पट्टा घेऊन परत आले. पट्टा अजून खिळ्याला आहे. आई त्या भिंतीकडे पाठ करून जेवते.

हे जूनमधलं. आता सप्टेंबरमधलं लिहिते.

साहेबांनी स्वतः कुत्रा घेतला. करड्या रंगाचा, एका कानाला खाच असलेला. नोंदणीला स्वतःच घेऊन आले. मी चटईकडे हात केला तर त्यांनी बुटाच्या टोकाने चटई बाजूला सारली. अगदी सहज, पायात आलेली चप्पल सारावी तशी. कुत्रा फरशीवर उभा राहिला, पाय फाकले, आकडा आला साडेचौपन्न. मी म्हटलं, "साहेब, चटई?"

ते म्हणाले, "अगं, चटई लोकांच्या कुत्र्यांसाठी. माझा काय घसरतोय?"

मी आकडा लिहिला. शपथेवर सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. शिपाईकाका चहाचे कप गोळा करत होते. साहेब गेल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही एवढं शिकलात. पण आपल्या पायाखाली काय आहे ते बघायचं पुस्तक नव्हतं वाटतं तुमच्या शाळेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी चहावाला माणूस. महिन्याला पंधरा कुत्रे धरल्याचं वर दाखवायचं असतं, एवढं मला ऐकू येतं. पंधरा उंच कुत्रे दर महिन्याला आणायचे कुठून, हे कुणी सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी मी बाबांची घडीची पट्टी डब्याच्या पिशवीतून नेली. जेवणाच्या सुट्टीत खोली बंद करून चटईची जाडी मोजली. चारी कोपऱ्यांना मोजली, मध्येही मोजली.

दोन सेंटिमीटर.

मी तिथेच चटईवर बसून राहिले. रबराला अजून कुत्र्यांचा वास येत होता. मग उठले, नोंदवही काढली. काठी खाली फरशीवर ठेवल्यापासून छप्पन किंवा सत्तावन्न भरलेले दहा कुत्रे होते. दहाही ठिकाणी सही माझी. साहेबांची एकाही ठिकाणी नाही.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, चटई दोन सेंटिमीटर जाड आहे."

ते फाइलमधून वर न बघता म्हणाले, "चटईचा अर्ज कुणाचा?"

"माझा."

"मोजलं कुणी?"

"मी."

"मग कुणाला सांगायचं ते ठरवलंस की मला सांग, मी तुझा अर्ज जोडून देतो." आणि वर बघून, अगदी मायेने म्हणाले, "घरात पहिलीच शिकलेली ना तू? जप स्वतःला."

दादा, शिव्या दिल्या असत्या तर मी रडले असते आणि विषय संपला असता. त्या मायेने माझ्या आत जे काही पेटलं ते विझत नाही. मला झोप लागते, भूक लागते, सगळं नीट चाललं आहे, आणि दिवसभर मला फक्त त्या माणसाचा बूट दिसतो.

आता पुढचं. गावात कुजबुज आहे की साहेबाचा कुत्रा घोड्याएवढा आणि कागदावर मांजराएवढा. म्हणून खात्याने उघडी फेरमोजणी ठेवली आहे, कचेरीच्या अंगणात, नगरपालिकेच्या सदस्यांसमोर, सगळ्या मालकांसमोर. पहिला कुत्रा साहेब स्वतःचा आणणार. त्यांना काय भीती? फरशीवर साडेचौपन्न भरतो. मोजायला मी. "हिच्यावर कुणी बोट ठेवणार नाही," असं त्यांनीच सदस्यांना सांगितलं.

त्या दिवशी मी तीच चटई अंथरणार आहे. काठी फरशीवर, कुत्रा चटईवर, ठेंगू होता तसाच. साहेब म्हणतील, चटई काढ. तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारणार आहे, "का, साहेब? चटईने काय फरक पडतो?"

मग त्यांनी त्यांच्याच तोंडाने सांगावं काय फरक पडतो. ज्यांचे कुत्रे गेले त्या सगळ्यांना मी घरी जाऊन बोलावलं आहे. त्यांतली इस्त्रीवाली म्हणाली, मी पहिल्या रांगेत उभी राहीन.

आणि नाही सांगितलं, तर मी साडेछप्पन वाचेन. मोठ्याने. त्यांचा कुत्रा त्यांच्या हातातून जाईल. त्या कुत्र्याचा काही दोष नाही, तो माझा हात चाटतो. म्हणून फेरमोजणीचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवला आहे. पण तो मी सातव्या दिवशी संध्याकाळी देणार, त्याआधी नाही. त्यांना स्वतः मागायची तर चटईचं कारण लिहून द्यावं लागेल. सात दिवस त्यांनीही बाबांसारखे काढावेत. हे पाप आहे का, याचा मी पुष्कळ विचार केला. असेल. मी ते माझ्या नावावर घेते, तिथे आधीच दहा आहेत.

नोकरी जाईल. नोंदवहीत सह्या माझ्या आहेत आणि त्या माझ्या आहेत हे मी तिथेच सांगणार आहे. जिच्यासाठी तू चौथीतून शाळा सोडलीस ती ही नोकरी, म्हणून तुला आधी कळवते आहे. विचारत नाही, कळवते आहे. ठेंगूचं म्हणशील तर तो तुझा होता. पिल्लांमधला सगळ्यांत लहान म्हणून तू त्याला ठेंगू म्हणालास आणि सदऱ्यात घालून घरी आणलंस. मी तुला सत्तावन्न लिहून पाठवलं आणि तू त्यावर विश्वास ठेवलास, कारण मी लिहिलं होतं.

काल बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी रंधा खाली ठेवला. मी कापून आणलेला चटईचा तुकडा त्यांनी हातात घेऊन स्वतः मोजला. मग ते दाराच्या चौकटीवरच्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता बोलतील, इतकी वर्षं शिकवून हे काय केलंस. ते म्हणाले, "अंथरताना नीट अंथर. सुरकुती राहिली तर म्हणतील, माप चुकलं."

आणि पुन्हा रंधा उचलला.

तू प्रत्येक पत्रात मला मास्तरीण म्हणतोस आणि मीही खाली तेच लिहिते. आज लिहीत नाही.

तुझी,
बहीण

ता. क. पत्र तुला सोमवारपर्यंत मिळेल. मोजणी शुक्रवारी, अठरा ऑक्टोबरला, सकाळी साडेदहाला.