कापड्याचा भराव

॥ श्री ॥

मुंबई, ता. ३ एप्रिल १९२९

तीर्थरूप आबादादांच्या चरणी धाकट्या सहदेवाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

गावाने जमीन द्यायला होकार दिला हे वाचून मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. हेडक्लार्क चष्म्यावरून बघत बसले. दासगाव बंदरापासून महाड, पोलादपूर आणि पुढे आपलं कापडे, असा आमच्या कंपनीच्या छोट्या रेल्वेचा मार्ग आहे. जमिनीला पहिला होकार आपल्या गावचा, म्हणून मातीचं काम आपल्याच टोकाकडून सुरू होणार. पावसाआधी भराव उभा राहील. खालून पाणी जायला दगडी मोऱ्या मागाहून बांधतील. भागीदारांच्या व्याजाची हमी सरकारने एकदा दिली म्हणजे भांडवलाचा पुढचा हप्ता यायला वेळ लागणार नाही, असं साहेब म्हणतात.

चंद्रभागा वहिनीला सांगा, दारावरून गाडी जाणार म्हणून आत्तापासून कोंबड्या बांधून ठेवू नकोस.

दादा, बायजाला डोलीतून महाडच्या डॉक्टरकडे नेताना ती आपली बहीण वाटेतच, आपल्या दोघांच्या खांद्यावर, गेली. ती वाट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ह्या नोकरीला मी कशासाठी चिकटलो आहे ते तुम्हाला सांगायला नको.

माया आहे तशीच राहू द्यावी.

सहदेव

॥ श्री ॥

मु. कापडे, ता. २० ऑगस्ट १९२९

चिरंजीव सहदेव यास आबाजीचा आशीर्वाद.

खुशाली विचारलीस म्हणून कळवतो की खुशाली नाही. भराव झाला, मोऱ्या झाल्या नाहीत. ओढ्याचं पाणी अडून वरच्या अंगाची सगळी खाचरं तळं होऊन बसली आहेत. लावलेला भात कुजला. शेजारच्या ठमाबाईचं एकुलतं खाचर त्यात गेलं. ती रोज सकाळी आमच्या अंगणात येऊन उभी राहते आणि निघून जाते.

आपलं खाचर भरावाच्या खाली. ते हिरवंगार आहे, आणि तेच मला भोवलं आहे. वरच्या अंगाच्या भागोजीने देवळात सगळ्यांदेखत म्हटलं की आबाजी, तुझ्या भावाने मुंबईत रेघ ओढताना तुझं शेत बरं शाबूत ठेवलं. गावाच्या पाया पडून होकार मिळवणारा मीच.

साहेबाला सांग, गाडी नंतर आण, आधी मोरी बांध. उत्तर लवकर दे.

तुझं बरं चिंतणारा,

आबाजी

मुंबई, ता. ११ फेब्रुवारी १९३०

ती. दादांस सहदेवाचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्याजोगं काही हाती येईना. अमेरिकेत बाजार कोसळल्यापासून इथले भागीदार हात आखडून बसले आहेत. लोकल बोर्ड म्हणतं सरकारने आधी हमी द्यावी, सरकार म्हणतं बोर्डाने आधी द्यावी. कंत्राटदाराने माणसं काढून नेली. दासगावच्या बंदरावर रूळ उतरून पडले आहेत.

पण काम बंद झालेलं नाही, थांबलं आहे. ह्या दोहोंतला फरक गावाला समजावून सांगणं तुमचं काम आहे. एका पावसाच्या नुकसानीवरून सगळ्या खोऱ्याचं भलं मोडीत काढणं हे अडाण्यांना शोभतं, तुम्हाला नाही.

सहदेव

मु. कापडे, ता. ९ मे १९३०

रा. रा. सहदेवराव, रेल्वे कंपनीचे मोठे कारकून, यांसी कापड्याच्या अडाण्याचा रामराम.

आपलं पत्र गावात वाचून दाखवलं. थांबणं आणि बंद होणं यातला फरक ठमाबाईला कळला नाही. तिने विचारलं की मंग माझं खाचर बुडालंय का थांबलंय.

आता पुन्हा पाऊस तोंडावर आहे. गावाने ठरवलं की दगड आम्ही देतो, अंगमेहनत आम्ही करतो, कंपनीने फक्त भराव फोडून मोरी घालू द्यावी. महाडला कंपनीच्या माणसाकडे गेलो तर त्याने मुंबईकडे बोट दाखवलं. मुंबईत आपण बसला आहात.

आणखी एक. मागे आपण बायजाचं नाव लिहिलंत. ते पुन्हा लिहू नये. डोलीचा पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता. कंपनीचा माल खपवायला माझी मेलेली बहीण वापरायची नाही.

आबाजी

मुंबई, ता. २ जून १९३०

ती. आबाजीदादा यांस,

साहेबांना विचारलं. उत्तर नाही असं आहे. कारण नीट वाचा. पाऊस सरल्यावर सरकारचा इंजिनेर पाहणीला येणार आहे. सगळ्या मार्गावर पुरं झालेलं काम काय ते आपल्या गावचा भराव एवढंच. तो अखंड दिसला तर हमी मिळेल, हमी मिळाली तर पैसा येईल, आणि पहिल्या पैशातून मोरी बांधली जाईल हे मी स्वतः बघेन. तो फुटलेला दिसला तर सगळं संपलं. हा एक पाऊस काढा.

भरावाला हात लावणं हा गुन्हा आहे, आणि कंपनी फिर्याद करील. हे भाऊ म्हणूनही सांगतो आणि कंपनीचा नोकर म्हणूनही. नंतर ठाऊक नव्हतं असं म्हणू नका.

बहीण ती माझीही होती.

सहदेव

मु. कापडे, ता. ६ ऑगस्ट १९३०

सहदेव भावजींना चंद्रभागेचा नमस्कार.

पोलादपूरच्या शाळेचे मास्तर आल्येत, त्येंच्याकडनं लिवून घेत्ये. मास्तरांना म्हटलं, मी बोलत्ये तसंच लिवा, साजरं करू नका.

गेल्या सोमवारी पाणी ठमाबाईच्या ओट्याला लागलं. दुपारी तिची मागची भिंत बसली. ती आत व्हती. गावच्या मुरारीनं आणि ह्येंनी तिला ओढून काढलं. जीव ऱ्हायला, पाय गेला. तिला ओसरीत निजवलं आणि ह्येंनी कुदळ घेतली आन् भरावावर चढले. मी म्हटलं, अवो, खाली आपलंच खाचर हाय. तर म्हणाले, म्हणूनच पयला घाव माझा. मंग गाव आला. भागोजी पन आला.

भावजी, पाणी फुटलं तवा डोंगर बोलल्यागत आवाज झाला. वरची खाचरं मोकळी झाली. आपलं खाचर दगडगोट्यांनी भरलं. रोप नाय, बांध नाय, काय नाय. ह्ये भिजत बघत उभे ऱ्हायले, मंग मला म्हणाले, आता कोन म्हणतो बघू माझं शेत शाबूत ठेवलं म्हणून.

पोलीस आले तवा ह्येंनी सोताच सांगितलं, फोडला तो मी. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाय. तुमचं कंपनीत वजन हाय. आपल्या भावासाठी एक शबूद टाका.

वहिनी

मुंबई, ता. १९ ऑगस्ट १९३०

रा. रा. आबाजी यांस,

ठमाबाईचं ऐकून वाईट वाटलं. बाकी जे केलंत त्याने दासगावपासून कापड्यापर्यंतच्या सगळ्या गावांची गाडी तुम्ही एका दुपारी बुडवलीत. इंजिनेरची पाहणी रद्द झाल्याचं आजच कळलं.

कंपनीने मला साक्षीला बोलावलं आहे. जूनमध्ये मी तुम्हाला बजावलं होतं का, एवढंच विचारतील. बजावलं होतं, असंच मी सांगणार. तुमच्यासाठी खोटं बोलावं अशी वहिनीची इच्छा असेल तर तिला नाही म्हणून कळवा.

सहदेव

मु. कापडे, ता. १४ ऑक्टोबर १९३०

सहदेव भावजींना,

मास्तर ह्या बारीला लिवायला तयार नव्हते. म्हणाले, बाई, रागात पत्र घालू नये. मी म्हटलं, राग गेला तर पत्र कशाला घालू?

महाडच्या कोर्टात तुमी कोट घालून आलात. विचारलं तेवढं बोललात, खरंच बोललात. ह्येंनी मान खाली घातली नाय, तुमी घातलीत. ह्येंना अलिबागेच्या तुरुंगात नेलं, ते तुमी पायलंत. मी फडक्यात दोघांची भाकर बांधून आनली व्हती. वाटलं, काय बी झालं तरी तुमी उपाशी जाल. बाहेर आल्ये तर तुमी वकिलाच्या मोटारीत बसून बंदराकडं गेलेलात.

ह्ये जाताना मला म्हणाले, त्याला शिव्या देऊ नकोस, त्याचं नावच घेऊ नकोस. मी शिव्या देत नाय. पन ठमाबाई पडल्या जागेवरनं विचारते, सहदेव येऊन गेला का गो? तिला मी काय सांगू, ते तुमीच कळवा.

चंद्रभागा

मुंबई, ता. २२ फेब्रुवारी १९३१

ती. आबादादा,

तुम्ही घरी आल्याचं मुरारीकडून कळलं.

कंपनी बुडाली. आता सरकारने कळवलं आहे की सडक सुधारली म्हणजे मोटारीने भागेल, रेल्वेची गरज नाही. एक भागीदार मात्र सांगून गेला की हमीचा विचार सरकारने भराव फुटायच्या आधीच सोडला होता, आम्हाला कळवायचं तेवढं राहिलं होतं. म्हणजे तो भराव अखंड राहिला असता तरी कुणी बघायला येणार नव्हतं. दासगावचे रूळ भंगारवाल्याने नेले. मी नोकरीविना बसलो आहे.

गाडी यायला हवी होती, दादा. मला अजून तसंच वाटतं. साक्षीत मी खोटं बोललो नाही आणि त्याची माफी मागत नाही. ठमाबाईची मागतो, ती तिला सांगा.

मुंबईत माझं आता काही उरलेलं नाही. घरी यावं की येऊ नये, तेवढं लिहा.

सहदेव

मु. कापडे, ता. ५ मार्च १९३१

सहदेव,

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मी दिली नसती.

ठमाबाईला तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली, त्याने माझ्यासमोर यावं आणि तोंडाने सांगावं. ती आता कुठे जाऊ शकत नाही, तेव्हा यावं तुलाच लागेल.

तुझी वहिनी तुझी खोली सारवते आहे. मी तिला सांगितलेलं नाही आणि तिने मला विचारलेलं नाही.

घर बापाचं आहे, तुला अडवायचा हक्क मला नाही. पण तू आलास म्हणजे मी बोलेन असं धरून येऊ नकोस. माझ्याकडे सध्या तुझ्याशी बोलण्यासारखं काही नाही. पुढे होईल की नाही ते मला ठाऊक नाही.

भराव अजून अर्ध्याहून जास्त उभा आहे. पावसाआधी तो काढून त्याच मातीने खाचराचे बांध घालायचे आहेत. गावचे येतात, पण ज्याला त्याला स्वतःची कामं आहेत. मी एका टोकाकडून उपसत आलो आहे. दुसऱ्या टोकाला कुणी नाही.

पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी कामाला ये.

आबाजी